कोणाला खाली पाठवायचं

सकाळी ६.५०
बोलेरोच्या काचेवर दव साचलंय. ड्रायव्हर भाऊ जुन्या बनियनने काच पुसतात, हातावर फुंकर मारतात, पुन्हा पुसतात. धडगावच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात अजून नीट उजाडलेलं नाही. सातपुड्यातला जानेवारी आहे, थंडी स्वेटरला जुमानत नाही. गाडीच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ लिहिलेलं आहे. गाडी मात्र भाड्याची.

पथकात नियमाने चौघं असतात. दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक सिस्टर. आज दुसरे डॉक्टर नंदुरबारला मीटिंगला गेलेत. उरले तिघं, आणि सोबत बघायला आलेला मी. यादीवर शाळा आणि अंगणवाडी मिळून दीडशेच्या आसपास पोरं.

७.१५
रुग्णालयाबाहेरच्या टपरीवर चहा. पैसे आज फार्मासिस्टनी द्यायचे, काल डॉक्टर मॅडमनी दिले होते. सिस्टर उभ्यानेच चहा पितात आणि सामान मोजतात. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, दंडाचा घेर मोजायची टेप, डोळ्यांचा तक्ता, बीपीचं मशीन आणि त्याचा लहान पोरांचा पट्टा, बॅटरी, जंताच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, रजिस्टरं. ऑक्सिमीटर फार्मासिस्टच्या शर्टाच्या खिशात असतो. डब्यात ठेवला की थंडीने सेल मान टाकतात, असं त्यांचं ठाम मत आहे.

स्टेथोस्कोप डॉक्टर मॅडमच्या पर्समध्ये. स्वतःच्या पगारातून घेतलेला, आठ-साडेआठ हजारांचा. बाजारात तीनशेलाही मिळतो. “तीनशेवाल्यातून हृदय चालू आहे एवढं कळतं,” मॅडम म्हणतात, “काय बोलतंय ते नाही कळत.” मॅडम बीएएमएस, माहेर शहाद्याकडचं, इथे खोली करून राहतात. ऑर्डर अकरा महिन्यांची. दर वर्षी मधे एक खंड पडतो, तेवढ्यापुरत्या त्या बेकार असतात. मग पुन्हा हीच गाडी, हेच पाडे.

८.००
गाडी बिलगावच्या अंगाने निघते. उदई नदी मध्येच दिसते, मध्येच डोंगराआड जाते. इथलं गाव म्हणजे एका जागी असलेली वस्ती नव्हे. या टेकडीवर चार घरं, त्या उतारावर सहा, मधे तुरीचं शेत आणि ओहोळ. समोरून क्रूझर येते, आत जितकी माणसं तितकीच टपावर आणि मागे लटकलेली. भाऊ गाडी पार कडेला घेतात.

बरीच घरं बंद दिसतात. दाराला कडी, कडीत काटकी. दिवाळी झाली की माणसं गुजरातेत उतरतात. कोणी ऊसतोडीला, कोणी सौराष्ट्रात शेतीच्या कामाला. परत येतात होळीला. पोरं काही सोबत जातात, काही आजी-आजोबांकडे राहतात. मॅडमच्या रजिस्टरात अशा पोरांच्या नावापुढे दोन फोन नंबर असतात, एक घरचा आणि एक बापाच्या मुकादमाचा.

९.१०
शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. पलीकडच्या खोलीत अंगणवाडी. मॅडम आधी खोली निवडतात. पत्र्याची नको, स्लॅबची हवी. रस्त्याकडे खिडकी नको. दार लागतं का बघतात. शेजारच्या वर्गात पाढे चाललेत, सतराचा आहे.

“गुरुजी, जरा वेळ पाढे बंद ठेवता?”

गुरुजी हसतात. असा हुकूम इन्स्पेक्टरनेही कधी दिलेला नाही. पोरांना चित्रं काढायला बसवतात. अचानक सगळं शांत होतं. लांब कुठेतरी कुऱ्हाडीचा आवाज, बस. मॅडम डोकं हलवतात. चालेल.

९.३०
साखळी सुरू होते. सिस्टर वजन-उंची घेतात आणि आकडा ओरडून सांगतात. फार्मासिस्ट बोटाला ऑक्सिमीटर लावतात. ९८. ९७. ९९. थंड बोटाला मशीन आकडाच देत नाही, मग ते पोराचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळतात. पंच्याण्णवच्या खाली आला की पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही खालीच आला की मॅडमना हाक मारायची.

मॅडम स्टेथोस्कोपची चकती आधी तळहातावर घासतात. गार चकती लागली की पोरगं श्वास रोखतं, खांदे उचलतं, आणि मग सगळंच बिघडतं. मग चार जागा. छातीच्या मधल्या हाडाच्या उजवीकडे वर, डावीकडे वर, डावीकडे खाली, आणि शेवटी स्तनाग्राच्या खाली, जिथे ठोका बोटाला लागतो तिथे. डोळे मिटलेले. एका पोराला साधारण मिनिट. दीडशे पोरं म्हणजे नुसतं हृदय ऐकण्यातच अडीच तास.

त्या मला ऐकू देतात. लब, डब. पहिला आवाज वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटल्याचा, दुसरा हृदयातून बाहेर जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटल्याचा. मधली जागा रिकामी पाहिजे. रक्त सरळ वाहिलं की आवाज होत नाही. ते कुठे अडलं, चिंचोळ्या जागेतून घुसलं, उलटं फिरलं किंवा नुसतंच फार जोरात धावलं, की रिकाम्या जागेत फुसफुस भरते. ती मर्मर. ती लब-डबच्या मधे आहे की डबनंतर, कुठे जास्त ऐकू येते, कुठे पसरते, हे सगळं त्या मिनिटात ठरवायचं.

१०.२०
पहिली मर्मर सापडते. दुसरीतला पोरगा, पुढचे दोन दात पडलेले. मॅडम त्याला बाकावर आडवं करतात. ऐकतात. उभं करतात. ऐकतात. पुन्हा आडवं. पोरगा खूश, त्याला हा खेळ वाटतो. मला कानाला लावायला देतात. आडवा असताना डबच्या आधी एक बारीक, सुरेल कंप येतो. उभा राहिला की जवळजवळ गेलेला.

ऑक्सिजन ९९. वजन वयाच्या मानाने ठीक. जांघेतली नाडी दोन्हीकडे लागते. धावताना दम लागतो का, असं गुरुजींना विचारतात. गुरुजी म्हणतात, “हा? याला पकडताना मला लागतो.”

ही निरुपद्रवी मर्मर. निरोगी हृदयाचीच. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०९ साली तिचं वर्णन केलं आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखतात. कितीतरी निरोगी पोरांत ती कधी ना कधी सापडते आणि वाढत्या वयाबरोबर विरते. तपासणी नको, औषध नको. मॅडम रजिस्टरात नोंद करतात आणि खोलीत कोणालाच काही सांगत नाहीत. का, ते नंतर गाडीत सांगतात. ‘हृदयात आवाज’ एवढे दोन शब्द बाहेर पडले की गावात ते ‘हृदयाला भोक’ होतात. मग पोराला कबड्डी बंद, झाडावर चढणं बंद, आणि पोरगी असेल तर पुढे लग्नाच्या बोलण्यातही ते निघतं.

११.१०
चौथीतली मुलगी. मॅडम तिच्या खालच्या पापण्या ओढून बघतात. आतली बाजू लाल हवी, ती कागदासारखी. ठोके मिनिटाला एकशे वीसच्या वर. डावीकडे वर मऊ फुसफुस. ही मर्मरच आहे, पण मॅडमना हृदयाची काळजी वाटत नाही. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की हृदय तेच रक्त अधिक जोरात फिरवतं. पातळ रक्त वेगाने जातं, आवाज करतं. रक्त भरलं की आवाज जातो.

पण रक्त कमी का? नुसत्या खाण्यामुळे, जंतांमुळे, की सिकलसेलमुळे? नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न प्रत्येक पांढऱ्या पापणीमागे असतो. मुलगी सांगते, हात-पाय दुखतात, थंडीत जास्त. मॅडम डोळ्यांचा पिवळेपणा बघतात, पोटावर डाव्या बरगडीखाली बोटं दाबून प्लीहा लागते का बघतात.

तिची चिठ्ठी टू-डी इकोची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी. केंद्र त्यातल्या त्यात जवळ आहे, आशाताई चालत घेऊन जातील. इकोसाठी नंदुरबार, म्हणजे घाट उतरून खाली. इथे ‘खाली’ म्हटलं की एक अख्खा दिवस गेला, आणि सोबतच्या माणसाचा रोज बुडाला. रोजगार हमीचा दिवसाचा दर २०२५-२६ साली ३१२ रुपये होता. मॅडमच्या मिनिटभर डोळे मिटण्यात हा हिशेबही असतो. चुकीचं पोर खाली पाठवलं तर त्या घराचा दिवस फुकट जातो आणि पुढच्या वेळी खरी गरज असताना ते घर हलत नाही.

१२.००
अंगणवाडी. तीन-चार वर्षांची पोरं, अर्धी रडतायत. स्टेथोस्कोप दिसला की सुईच वाटते त्यांना. अंगणवाडी ताई एकेकाला मांडीवर घेऊन बसतात, पावरी बोलीत काहीतरी गुणगुणतात, पोर गप्प होतं, तेवढ्यात मॅडम ऐकून घेतात.

साडेतीन वर्षांचा एक मुलगा. इथे मॅडम चकती ठेवतात आणि लगेच उचलतात. मग नुसता तळहात ठेवतात, मधल्या हाडाच्या डावीकडे खाली. माझा हात धरून तिथे ठेवतात. गिरणी चालू असताना तिच्या भिंतीला हात लावावा, तशी थरथर हाताला लागते. आता ऐका, म्हणतात. लब आणि डब यांच्या मधली सगळी जागा खरखरीने भरलेली. डब शोधावा लागतो.

मर्मरीच्या जोराला १ ते ६ अशा पायऱ्या आहेत. हाताला थरथर लागली की चौथी किंवा तिच्या वर. मॅडमचा अंदाज, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. मी घाबरतो, तर त्या म्हणतात, “मोठा आवाज म्हणजे मोठं भोक, असं नसतं.” उलट छिद्र लहान असलं की रक्त त्यातून जोराने घुसतं आणि जास्त बोंब मारतं. मोठ्या छिद्रातून ते सहज जातं, फुफ्फुसात भरतं. असं पोर दूध पिताना घामाघूम होतं, वजन धरत नाही, सारखं न्यूमोनियाने पडतं. आणि अशी वर्षं गेली की फुफ्फुसातला दाब इतका वाढतो की आवाज हळू होत जातो, पोर निळं पडायला लागतं. तोवर ऑपरेशनची वेळ गेलेली असते.

म्हणून पुढचे प्रश्न आवाजाचे नाहीत. दूध पिताना दमायचा का? ताई म्हणतात, नाही. किती वेळा दवाखान्यात पडला? एकदाही नाही. वजन १२ किलो ४००, म्हणजे थोडं कमी, पण इथल्या मानाने बरं. दंडाचा घेर ठीक. ऑक्सिजन ९८. यकृत हाताला लागत नाही. मॅडम शेवटी तोंड उघडायला लावून दात बघतात. दोन किडलेत. किडक्या दातातले जंतू रक्तात गेले तर अशा हृदयात घर करू शकतात. दातांचंही लिहितात.

हा खाली जाणार.

१२.५०
शाळेची खिचडी तयार आहे. पथकाचे डबे वेगळे. मॅडमच्या डब्यात पोळी आणि वांगं, सिस्टरच्या ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ. गुरुजी ताक आणून देतात. वीस मिनिटं. फार्मासिस्ट जेवताना गोळ्यांचा हिशेब जुळवतात, कारण संध्याकाळी तो ऑनलाइन भरायचा असतो आणि तेव्हा रेंज मिळेलच असं नाही.

१.३०
वरचे वर्ग. सातवीतली एक मुलगी, तेरा वर्षांची, वजन २९ किलो. सुरुवातीला काहीच नाही. मॅडम तिला डाव्या कुशीवर वळवतात. आता ठोक्याच्या जागी, पहिल्या आवाजाला चिकटूनच एक हवेसारखी फुसफुस, डब येईपर्यंत चालणारी. मॅडम चकती बगलेकडे सरकवत नेतात. आवाज मागोमाग जातो. मग चकती फिरवून स्टेथोस्कोपची लहान बाजू लावतात. डबनंतरची खालच्या सुरातली घरघर त्या बाजूने कळते. ती आहे की नाही, दोनदा ऐकतात. नाही म्हणतात, पण पुरतं समाधान झालेलं दिसत नाही.

मग विचारपूस, आशाताईंमार्फत. पावसाळ्यात ताप आला होता का? आला होता. सांधे? गुडघा सुजला होता. तो उतरला, मग दुसरा गुडघा, मग घोटा. आधी घसा दुखलेला? आठवत नाही. घसा दुखणं इथे आजारात धरतच नाहीत. बडव्याकडे, म्हणजे गावच्या भगताकडे नेलं होतं, बाजाराच्या दिवशी सुईही टोचून आणली होती. दुखणं थांबलं, म्हणजे बरं झालं.

सांध्यांचा ताप हा. घशाच्या एका जंतुसंसर्गातून येतो, बहुतेक ५ ते १५ या वयात. सांध्यांतून तो निघून जातो, पण हृदयाच्या झडपेला डाग ठेवून जाऊ शकतो. वैद्यकात जुनी म्हणच आहे की तो सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो. दाटीने राहणारी, एका खोलीत दहा जण झोपणारी घरं त्याला सोयीची.

इकोत झडप गळती निघाली तर पेनिसिलिनचं इंजेक्शन लागेल, दर २१ दिवसांनी, निदान दहा वर्षं, कदाचित त्याहून जास्त. त्याने बिघडलेली झडप सुधारत नाही. पुन्हा ताप येऊन ती आणखी बिघडू नये म्हणून ते. इंजेक्शन काही फार महाग नसतं. होळीपर्यंत ही मुलगी शाळेत आहे, पण पुढच्या दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर उसाला गेली तर एकविसाव्या दिवशी ती कुठल्या फडात असेल?

सिस्टर तिच्या नावाखाली लाल रेघ ओढतात. तिचा नंबर पहिला.

३.१०
शाळा संपली. साडेतीन वर्षांच्या मुलाचं घर ओहोळाच्या पलीकडे. गाडी जात नाही, पाऊण तास चालायचं. आशाताई पुढे, चपला हातात. मॅडमच्या पायात स्पोर्ट्स शूज, सोल एका बाजूने सुटलेला.

आजी अंगणात तूर झोडपतेय. दांडका थांबत नाही. आशाताई बोलतात, आजी ऐकते, दांडका चालूच. मग एकदम थांबतो. ती काहीतरी विचारते. आशाताई सांगतात, “छाती फाडतात का, विचारतेय.”

“नाही आजी,” मॅडम खाली बसतात. “आत्ता नुसतं बघायचंय. छातीवर गार चीक लावतात, मशीन फिरवतात, टीव्हीवर दिसतं. सुई नाही. दुखत नाही. तुमच्या मांडीवर बसूनच होतं.”

पुढचं त्या तुकड्यातुकड्याने सांगतात, आशाताईंना वेळ देत. भोक लहान असलं तर काही करायचं नाही, वर्षातून एकदा बघायचं. अशी कित्येक भोकं आपणहून बुजतात. मोठं असलं तर मुंबईला. काही भोकं जांघेतल्या नसेतून तार घालून, तारेच्या टोकाची जाळीची बटणं बसवून बुजवता येतात. काहींना ऑपरेशन करून ठिगळ लावावं लागतं. पैसे भरायचे नाहीत, सरकारी योजनेतून होतं. रेशनकार्ड लागेल, आधार लागेल.

मुलाचं आधार नाही. जन्माचा दाखला? आजी घरात जाते, एक प्लास्टिकची पिशवी आणते. पिशवीत लसीचं कार्ड आहे, दाखला नाही. मॅडम कार्डाचा फोटो काढतात. इकोला काही अडत नाही. मुंबईची वेळ आली तर अडेल, म्हणून दाखल्याचं काम आत्ताच आशाताईंकडे.

आजीला दुसरीच काळजी. तिकडे जेवायचं काय? गाडी पथकाची, तपासणी फुकट, पण दिवसभराची पोटाची सोय ज्याची त्याने करायची. मॅडम म्हणतात, भाकरी बांधून घ्या. काका सोबत येईल का? काका येईल, पण त्या दिवशी त्याचं काम आहे रस्त्यावर. मग आजीच येईन म्हणते. नंदुरबार तिने एकदा पाहिलंय, तेव्हा जिल्हा धुळे होता. म्हणजे १९९८ च्या आधी.

५.००
परतीच्या वाटेवर गाडी एका पाड्याशी थांबते. आठ वर्षांची मुलगी पळत येते. मागच्या वर्षी हिचं मुंबईत ऑपरेशन झालं. मॅडम गाडीच्या मागच्या सीटवरच तिला तपासतात. छातीच्या मधोमध वण, वरून खाली, आता फिकट झालेला. आवाज नाही. वजन वर्षात चार किलो वाढलंय. सिस्टर दोनदा काट्यावर उभं करतात, खात्री म्हणून.

बाप इथेच आहे, यंदा उसाला गेला नाही. मागच्या वर्षीचं ऐकावं तर उपचाराला एक रुपया लागला नाही. पण मुंबईत तीन आठवडे काढले, मुकादमाची उचल तशीच राहिली, आणि एक शेळी विकली. वडापाव योजनेत बसत नाही, असं तो हसत म्हणतो. तिला पळू द्यायचं का, हे मात्र गंभीरपणे विचारतो. मॅडम म्हणतात, पळू द्या. मुलगी त्याच्या आधीच पळालेली असते.

६.३०
धडगाव. अंधार पडलाय. ऑफिसच्या खोलीत एकच ट्यूब. दीडशेपैकी १३८ पोरं तपासली, बाकीची गैरहजर. सिस्टर रजिस्टर वाचतात, फार्मासिस्ट संगणकात भरतात. दात, त्वचा, डोळे, एक तिरळेपणा, एक वाकडं पाऊल, चार दंडाचे घेर कमी. मर्मर पाच. त्यातल्या तीन निरुपद्रवी किंवा रक्ताच्या. दोन खाली. रेंज जाते. येते. पुन्हा पहिल्यापासून.

७.४०
मुलाच्या बापाला फोन लागतो. बारडोलीच्या बाजूला कुठल्याशा फडात आहे. मागे ट्रॅक्टरचा आवाज. मॅडम सावकाश सांगतात. तिकडे बराच वेळ नुसता ट्रॅक्टर ऐकू येतो.

“मॅडम, होळीला आम्ही येतोच. तेव्हा चालेल का?”

मॅडम रजिस्टरावरचे आकडे बघतात. ऑक्सिजन ९८, वजन बारा चारशे, न्यूमोनिया नाही. “ऑपरेशनची वेळ आली तर होळीनंतर बोलू. पण फोटो आत्ता काढायचा. सिव्हिलला मुंबईचे डॉक्टर शिबिराला येणार आहेत, ते रोज येत नाहीत. आजी घेऊन येतायत.”

“आई येतेय?” बापाचा आवाज बदलतो. मग तो मुकादमाशी काहीतरी बोलतो, आणि सांगतो की आईच्या हातात शंभर-दोनशे ठेवायला भावाला सांगतो.

सातवीतल्या मुलीच्या घरचा नंबर बंद आहे. मॅडम आशाताईंना फोन करतात. उद्या सकाळी घरी जा, आईला किंवा बापाला तयार करा, हिचं होळीपर्यंत थांबता येणार नाही.

८.१५
शिबिराची यादी. मुलगी आणि तिच्यासोबत एक. मुलगा आणि आजी. वाकडं पाऊल आणि त्याची आई. तिरळा पोरगा आणि बाप. आठ झाले, शिवाय सिस्टर. फार्मासिस्ट म्हणतात, तिरळ्याला पुढच्या वेळी नेऊ, डोळा महिनाभर थांबेल. बोलेरोत बसतील किती, यावर थोडा वाद होतो. ड्रायव्हर भाऊ दारातून म्हणतात, पहाटे पाचला निघायचं तर आजीला आदल्या रात्रीच धडगावात आणून ठेवावं लागेल. ओहोळ अंधारात कोण ओलांडणार? मॅडम विचार करतात. मग म्हणतात, माझ्या खोलीवर झोपतील.